चार बोर्डांची सावड

'क्लस्टर' हा शब्द पेडणेकरांना आता नवा नाही. तुये येथील इलेक्ट्रॉनिक सिटीच्या निमित्ताने 'इलेक्ट्रॉनिक्स मॅन्युफॅक्चरिंग क्लस्टर' हे लांबलचक नाव कित्येक वर्षे पेपरांत येत आहे. तिथे क्लस्टर म्हणजे एका आवारात शेजारी शेजारी उभे राहणारे कारखाने. या महिन्यात मी ज्या क्लस्टरबद्दल लिहितो आहे तो मात्र चहाच्या ट्रेवर मावतो. चार छोटे बोर्ड, एक नेटवर्क स्विच आणि थोड्या वायरी, एवढेच त्याचे सामान.

हा विषय घेण्यामागे मला वरचेवर विचारले जाणारे दोन प्रश्न आहेत. पहिला पालकांचा: "मुलगी बारावीनंतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. कोणता लॅपटॉप घेऊ? महागडा घेतला तर पुढे फायदा होईल का?" दुसरा मुलांचा: "रास्पबेरी पाय जोडून घरी सुपरकॉम्प्युटर बनवता येतो का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच घेऊ.

आधी ओळख. सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क, यूएसबी आणि स्क्रीनची जोडणी हे सगळे एकाच छोट्या बोर्डावर बसवलेला पूर्ण कॉम्प्युटर. हार्ड डिस्कच्या जागी मोबाइलमध्ये घालतो तसले मेमरी कार्ड. यांतला सर्वांत प्रसिद्ध रास्पबेरी पाय. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आणला. आकार एटीएम कार्डाएवढा, किंमत ३५ डॉलर, आणि हेतू एकच: मुलांना कॉम्प्युटर आतून कळावा. त्यानंतर इतर अनेक कंपन्यांनीही असे बोर्ड काढले.

असे अनेक बोर्ड नेटवर्कने जोडायचे, एकच काम त्यांच्यात वाटायचे आणि शेवटी उत्तरे एकत्र करायची, याला क्लस्टर म्हणतात. क्लस्टरमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नोड म्हणायची पद्धत आहे.

लॅपटॉप पुढे का गेला?

गेल्या चवथीच्या सुटीत डिचोलीला घरची सगळी मुले जमली होती. तेव्हा चार बोर्ड जोडून आम्ही एक प्रयोग केला. १ ते १ कोटीपर्यंतच्या मूळ संख्या मोजायच्या. उत्तर आधीच माहीत आहे: ६,६४,५७९. त्यामुळे प्रोग्राम बरोबर चालला की नाही ते लगेच कळते. उत्तर बरोबर आले, पण तोच प्रोग्राम शेजारच्या लॅपटॉपवर चालवला तर तो आधी मोकळा झाला. नववीतली भाची नाराज झाली.

"मामा, चार असूनसुद्धा लॅपटॉपच्या मागे? मग जोडले कशाला?"

"बाय, आज लॅपटॉप जिंकणारच होता. आपल्याला बघायचंय ते वेगळंच."

तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता द्यायला हवे. आजच्या साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येच सहा-आठ किंवा जास्त कोअर असतात, म्हणजे तो आतून एक लहान क्लस्टरच आहे. त्याचा एकेक कोअर बोर्डावरच्या कोअरपेक्षा ताकदवान असतो. शिवाय एकाच चिपमधले कोअर एकमेकांशी जितक्या वेळात बोलतात, त्याच्या साधारण हजारपट वेळ दोन बोर्डांना नेटवर्कच्या वायरीतून बोलायला लागतो. त्यामुळे निव्वळ वेगासाठी कोणी चार बोर्ड विकत घेणार असेल, तर माझा सल्ला आहे की घेऊ नका. तेवढ्या पैशांत ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप जास्त काम करेल.

पण जगातला प्रत्येक मोठा सुपरकॉम्प्युटर, आणि आपण ज्याला 'क्लाउड' म्हणतो ते सगळे, असेच हजारो कॉम्प्युटर जोडून उभे आहे. फोनवरून पैसे पाठवताना किंवा कोकण रेल्वेचे तिकीट काढताना पलीकडे एक मशीन नसते, मशीनचा घोस असतो. तो घोस आतून कसा चालतो, कुठे अडतो, एक मशीन बंद पडले तर काय होते, हे लॅपटॉपच्या पडद्यावर दिसत नाही. चार बोर्डांच्या ट्रेवर ते डोळ्यांनी दिसते. काम वाटले की स्विचवरचे दिवे लुकलुकतात, आणि एक वायर उपटली की काय बिघडते तेही लगेच समजते.

पुण्याचा धडा

लहान लहान प्रोसेसर जोडून मोठे काम करण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट पुण्यात घडली. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेले मोठे यंत्र अमेरिकेने दिले नाही. हवामानाच्या अंदाजासाठी एक लहान यंत्र दिले, तेही कडक अटी घालून. मग १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, नागपुरात बीई झालेले हे अभियंते. मुदत तीन वर्षांची.

क्रेचा रस्ता असा होता की मोजकेच, पण अतिशय वेगवान आणि अतिशय महाग प्रोसेसर बनवायचे. तो रस्ता आपल्याला बंद होता. सी-डॅकने दुसरा धरला. ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' नावाचा लहान प्रोसेसर बाजारात मिळत होता. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी त्याला चार जोडण्या होत्या. जणू प्रत्येक चिपला चार हात. एकमेकांचे हात धरून अशा चिप्सची जाळी विणता येत होती. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. 'परम' हे नाव 'पॅरलल मशीन' या शब्दांवरून आले. पुढे हे यंत्र मॉस्कोलाही गेले.

या यंत्राची जाळी २५६ ट्रान्सप्युटरपर्यंत वाढवता येत होती आणि तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० कोटी गणिते इतका होई. आज रास्पबेरी पाय ४ चा एकच बोर्ड त्याच्या पुढे जातो. म्हणून परमचे महत्त्व कमी होत नाही. चिप्स तर विकत मिळत होत्या. अवघड भाग होता काम इतक्या चिप्समध्ये वाटण्याचा, त्यांचे बोलणे जुळवण्याचा आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहिण्याचा. ते ज्ञान पुण्यात तयार झाले आणि पुढचे सगळे परम त्यावर उभे राहिले.

इतरत्रही हाच रस्ता रुळला. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे ४८६ पीसी साध्या नेटवर्कने जोडले आणि त्यावर लिनक्स चालवले. या प्रकाराला 'बेओवुल्फ क्लस्टर' हे नाव पडले. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाचे प्राध्यापक सायमन कॉक्स यांनी ६४ रास्पबेरी पाय जोडले. बोर्ड ठेवायची मांडणी लेगोच्या ठोकळ्यांची होती आणि ती करायला त्यांचा सहा वर्षांचा मुलगा मदतीला होता. स्विच सोडल्यास खर्च अडीच हजार पौंडांच्या आत.

२०१७ मध्ये तर अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने ७५० रास्पबेरी पाय असलेला क्लस्टर घेतला. ज्यांच्याकडे जगातले बलाढ्य सुपरकॉम्प्युटर आहेत, त्यांना हे खेळणे कशाला? कारण मोठे यंत्र सतत कामात असते. हजारो नोड सांभाळणारे सॉफ्टवेअर तपासून बघायला ते मोकळे मिळत नाही. स्वस्त बोर्डांवर तो सराव करता येतो. आपल्या ट्रेवरच्या चार बोर्डांचा उपयोगही नेमका हाच आहे, फक्त आकार लहान.

जोडणी

आता प्रत्यक्ष काम. एकाच मॉडेलचे चार बोर्ड घ्या, म्हणजे तुलना सोपी जाते. प्रत्येकाला एक मेमरी कार्ड आणि ज्याचा त्याचा योग्य वीजपुरवठा. मोबाइलचा जुना चार्जर चालवू नका. वीज कमी पडली की बोर्ड मध्येच हळू होतो किंवा बंद पडतो, आणि दोष प्रोग्रामचा समजून आपण तासन्‌तास शोधत बसतो. पाच पोर्टचा नेटवर्क स्विच पुरतो: चार बोर्ड आणि एक वायर राउटरला. वायफायवरही जोडता येते, पण सगळे एकाच हवेत बोलतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. वायरच बरी.

प्रत्येक कार्डावर लिनक्स टाका आणि प्रत्येक बोर्डाला कायमचा पत्ता आणि नाव द्या. आम्ही पेडणे, बार्देश, डिचोली आणि सत्तरी अशी नावे ठेवली. ती रोमन अक्षरांत टाइप करावी लागतात, पण मुलांना लक्षात राहतात. त्यातला एक मुख्य नोड. तो काम वाटतो आणि उत्तरे गोळा करतो. मुख्य नोडला बाकीच्यांत पासवर्डशिवाय जाता यावे म्हणून 'एसएसएच' नावाची किल्ली तयार करून तिघांना द्यायची.

शेवटी 'एमपीआय' बसवायचे. नोडनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे याचे हे प्रमाणित नियम १९९४ मध्ये ठरले आणि आजचे मोठमोठे सुपरकॉम्प्युटरही तेच वापरतात. पायथन येत असेल तर पायथनमधूनच ते वापरता येते. पहिला प्रोग्राम चार ओळींचा: प्रत्येक नोडने आपले नाव आणि क्रमांक सांगायचा. पडद्यावर चार तालुक्यांची नावे उमटली की अर्धी लढाई जिंकली. ती नावे दर वेळी वेगळ्या क्रमाने येतील. तिथेच मुलांना पहिला धडा मिळतो: अनेकजण एकाच वेळी काम करू लागले की कोण आधी संपवेल हे गृहीत धरता येत नाही.

नेवऱ्यांचे गणित

दुसरा धडा स्वयंपाकघरात शिकता येतो. चवथीला नेवऱ्या करायच्या आहेत. एकटीने केल्या तर चार तास, म्हणजे २४० मिनिटे लागतात असे धरू. त्यातली १८० मिनिटे लाटणे, सारण भरणे आणि कडा मुडपणे यांत जातात. उरलेली ६० मिनिटे तळण्याची. कढई एकच.

मदतीला माणसे आली की १८० मिनिटांचे काम वाटले जाते, तळण्याची ६० मिनिटे तशीच राहतात. दोघे असतील तर ९० अधिक ६०, म्हणजे १५० मिनिटे. चौघे असतील तर १०५. आठ जण असतील तर साडेब्याऐंशी. अठरा जण बसवले तरी ७०. आणि सगळा वाडा बोलावला तरी ६० च्या खाली येणे नाही, कारण कढई एकच आहे.

जीन अम्डाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हाच नियम कॉम्प्युटरसाठी मांडला. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. आपल्या उदाहरणात तो भाग पाव हिस्सा आहे, त्यामुळे कितीही नोड लावले तरी चौपटीपलीकडे वेग जात नाही. म्हणून चांगला इंजिनिअर आधी 'आणखी मशीन आणा' म्हणत नाही, 'कढई कुठे आहे?' असे विचारतो.

घरातली अनुभवी बाई इथे हसेल. सगळ्या नेवऱ्या भरून होईपर्यंत तळणारी थांबेल कशाला? पहिला घाणा तयार झाला की कढई चढते. अगदी बरोबर. एक टप्पा चालू असताना पुढचा सुरू करण्याच्या या युक्तीला आमच्या क्षेत्रात पाइपलाइन म्हणतात. प्रत्येक प्रोसेसरच्या आत ती सतत चालू असते.

समान वाटणी नेहमी न्याय्य नसते

मूळ संख्यांच्या प्रयोगात मुलांनी पहिली वाटणी सरळ केली. १ कोटीचे चार भाग, प्रत्येकाला २५ लाख संख्या. पेडणे पहिल्या २५ लाखांत, सत्तरी शेवटच्या. पेडणे लवकर मोकळे झाले आणि बसून राहिले. सत्तरीला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. असे का?

संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहावे लागते. १०,००० चे वर्गमूळ १००, पण १ कोटीचे सुमारे ३,१६२. संख्या मोठी तसे भागाकार जास्त. वाटणी आकड्यांत समान होती, कष्टांत नव्हती. आणि सगळ्यांत मागे राहणारा जेव्हा संपवतो, तेव्हाच काम संपते.

यावर उपाय मुलांनीच काढला. चार मोठे भाग न करता दहा-दहा हजारांचे १,००० तुकडे करायचे. मुख्य नोडकडे तुकड्यांची रास. जो मोकळा होईल त्याने पुढचा तुकडा न्यायचा. महाप्रसादाच्या पंगतीत वाढपी असेच काम करतात. भांडे रिकामे झाले की परत भरून आणायचे, कोणाच्या वाट्याला किती पाने याचा हिशोब नसतो. ही पद्धत लावल्यावर चौघेही जवळजवळ एकाच वेळी संपवू लागले.

हिचा आणखी एक फायदा. एक बोर्ड मध्येच बंद पडला तर त्याच्या हातातला एक तुकडाच अर्धवट राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा. गावातल्या अखंड भजनी सप्ताहात एका वाड्याची माणसे कमी पडली तर दुसऱ्या वाड्याचे लोक उभे राहतात, पण भजन थांबत नाही. मोठ्या क्लस्टरमध्ये रोज काही ना काही बंद पडत असते. तरीही काम चालू ठेवणे हेच तिथले खरे कसब. मात्र ते आपोआप होत नाही, प्रोग्राममध्ये तशी सोय आधीच करावी लागते. मुलांनी ती केली आहे का हे तपासायला चालू कामात डिचोलीची वायर काढून बघा.

ढगाला तालुका कळत नाही

मूळ संख्यांच्या कामात नोडना आपसात फारसे बोलावे लागत नाही. पण काही कामांत बोलल्याशिवाय चालत नाही, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे काम आपल्या अगदी जवळचे आहे: पावसाचा अंदाज.

ऑगस्ट २०१९ आठवतो? पाऊस कोसळत होता, तिलारी धरणाचे पाणी सोडले गेले आणि शापोरा नदीकाठी इब्रामपूर, हसापूर, चांदेल भागात पाणी घरांत शिरले. डिचोली आणि साखळीकरांनाही नदी फुगणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. किती पाऊस पडेल, कुठे पडेल आणि कधी, हे काही तास आधी कळणे म्हणजे गोठ्यातली गुरे वाचवणे.

अंदाज काढताना जमिनीवर चौकटींचे जाळे टाकतात. प्रत्येक चौकटीत हवेचा दाब, तापमान, बाष्प, वारा यांचे आकडे. थोड्या वेळाने हे आकडे काय होतील ते भौतिकशास्त्राच्या सूत्रांनी काढायचे, मग त्यापुढचे, असे पुढे पुढे जायचे. समजा, आपल्या चार बोर्डांना चार तालुके दिले. प्रत्येकाने आपापल्या चौकटी सांभाळायच्या. पण ढगाला तालुक्याची हद्द कळत नाही. बार्देशच्या काठावरच्या चौकटीचे गणित करायला पलीकडच्या पेडण्याचे आकडे लागतात. म्हणून प्रत्येक पावलाला शेजाऱ्यांनी हद्दीवरचे आकडे एकमेकांना द्यायचे आणि मगच पुढे जायचे.

इथे एक गंमत आहे. ५० × ५० चौकटींचा तुकडा असेल तर २,५०० पैकी काठावरच्या १९६, म्हणजे आठ टक्क्यांहून कमी. तोच तुकडा १० × १० चा केला तर १०० पैकी ३६ काठावर. तुकडे जितके लहान, तितके बोलणे जास्त आणि काम कमी. नोड वाढवत नेले की एक वेळ अशी येते की सगळे बोलण्यातच गुंतलेले असतात. बैठका वाढलेल्या ऑफिसात नोकरी करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही!

आता मोठ्या यंत्राकडे बघा. पुण्याच्या आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्क' हा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ११,७७० लाख कोटी गणिते. त्यानंतर मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' आली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. १२ किलोमीटरच्या चौकटीत अख्खा गोवा जेमतेम २६ चौकटींत बसायचा, आता सुमारे १०० मध्ये बसतो. पण चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि वेळेची पावलेही निम्मी करावी लागतात, म्हणजे गणित साधारण आठपट. एवढी मोठी यंत्रे का लागतात याचे उत्तर या आठपटीत आहे.

आपल्या ट्रेवर पुराचा अंदाज निघणार नाही. पण एका पत्र्याच्या कोपऱ्याला उष्णता दिली तर ती कशी पसरते, हे गणित याच पद्धतीने चार बोर्डांवर करता येते. ज्या मुलाने ते एकदा केले, त्याला 'अर्क' काय करतो हे आतून समजते.

आपल्या हवेत बोर्ड टिकवायचे तर

इंटरनेटवरची माहिती थंड, कोरड्या देशांतली असते. आपल्याकडे चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली वीज. जूनमध्ये वीज जाणे-येणे चालूच असते, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. चार बोर्ड पूर्ण कामात असताना साधारण २५ ते ३० वॉट घेतात, एखाद्या बीएलडीसी पंख्याएवढे. घरच्या इन्व्हर्टरला ते जड नाही. नसेल तर छोटा यूपीएस लावा. आणि तयार झालेल्या कार्डाची एक नक्कल करून ठेवा.

दुसरी हवा. मोरजी, मांद्रे, हरमलसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात. पावसाळ्यात बोर्ड वापरात नसतील तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तिसरी धूळ. डिचोलीच्या खाणपट्ट्यात लाल मातीची धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा. चौथी वीज, पण आकाशातली. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर राउटरची नेटवर्क वायरही काढा. धक्का त्या वाटेनेही येतो.

चार घरे, चार बोर्ड

आता पैशांचे बोलू. चार बोर्ड, चार कार्डे, चार वीजपुरवठे आणि स्विच हा खर्च एका घराने करावा असे मी म्हणणार नाही. मेमरीप्रमाणे बोर्डांच्या किमती बदलतात, त्यामुळे आकडा इथे देत नाही, पण सगळे मिळून रक्कम लहान होत नाही.

कोकणात शेतीच्या कामाला सावड असते. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. बैल ज्याचे त्याच्या गोठ्यात, पण नांगरणीला सगळ्यांचे. क्लस्टरचेही तसेच करता येईल. चार घरांनी एकेक बोर्ड घ्यायचा. वर्षभर तो ज्याच्या त्याच्या घरी. टीव्हीला जोडला, कीबोर्ड-माऊस लावला की तो मुलाचा पूर्ण कॉम्प्युटर असतो. त्यावर पायथन शिकता येते, सेन्सर जोडून पावसाची किंवा टाकीतल्या पाण्याची नोंद ठेवता येते. मग चवथ, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत चारही बोर्ड एका घरी आणायचे आणि क्लस्टर जोडायचा. स्विच आणि वायरी सामाईक. सुटी संपली की बोर्ड आपापल्या घरी.

एकट्या मुलाला सहसा न मिळणारी गोष्ट इथे मिळते: दुसऱ्याबरोबर काम वाटून घेण्याची सवय. कोणाचा प्रोग्राम कोणाच्या बोर्डावर अडला, दोष कोणाचा, दुरुस्त कोणी करायचा, हे चार मुले मिळून सोडवतात. कंपनीत आम्ही दिवसभर दुसरे काही करत नाही.

आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरी पहिला कॉम्प्युटर सरकारच्या 'सायबरएज' योजनेतून आला. तेव्हा घरात मशीन येणे हीच मोठी गोष्ट होती. आज मशीन प्रत्येकाच्या खिशात आहे, पण ते उघडून बघता येत नाही. २०२१ पासून गोव्यातल्या शाळांत 'केअर्स' योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते, ही जमेची बाजू आहे. शाळेत लागलेली गोडी घरी पुढे न्यायला एक बोर्ड आणि तीन मित्र पुरतात.

म्हणून लॅपटॉप विचारणाऱ्या पालकांना माझे उत्तर असे: इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मध्यम किमतीचा लॅपटॉप पुरेसा आहे. सर्वांत महागडा घेण्यासाठी जे जास्तीचे पैसे बाजूला काढले असतील, त्यातले थोडे एका बोर्डावर खर्च करा. उद्या मुलगी पुण्या-बेंगळुरूला मुलाखतीला बसली आणि 'काम अनेक सर्व्हरवर कसे वाटाल?' असे विचारले, तर पाठ केलेले उत्तर आणि हाताने केलेले उत्तर यांतला फरक समोरच्याला पहिल्या मिनिटात कळतो. तुयेला उद्या कारखाने पूर्ण भराने चालू झाले, तर तिथेही अशीच माणसे लागतील.

ज्यांना आज काहीच खर्च करायचा नाही, त्यांनी घरात पडून असलेले दोन जुने लॅपटॉप काढा. दोन्हींवर लिनक्स टाका, एका वायरीने जोडा आणि मूळ संख्यांचा प्रयोग करा. दोन नोडांचाही क्लस्टरच असतो. उत्तर ६,६४,५७९ आले की मला जरूर कळवा, आणि दोघांपैकी कोण किती वेळ रिकामा बसला तेही लिहा. पुढच्या महिन्यात त्या उत्तरांवर बोलू.